आधी सांग

चि. लेकीस,

तुझं पत्र वाचलं. तालुक्याच्या डॉक्टरांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढं महिन्यात किती पेशंट पाठवले त्याचा आकडा, शेवटच्या रकान्यात रक्कम. ही फाइल हातात देऊन तुला ‘पीआर’ शिकवतायत. सगळीकडे असंच चालतं का, म्हणून विचारतेस. बऱ्याच ठिकाणी चालतं. पण तो जनसंपर्क नव्हे, ‘कट’ आहे, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला दिलेला पैशांचा वाटा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट पाठवल्याचं कमिशन घेणं-देणं डॉक्टरला साफ मना आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला. तो मसुद्यावरच अडला. ते पैसे शेवटी कुणाच्या बिलातून निघतात, हे तुला मी सांगायला नको.

डॉक्टरांना द्यायची ती पैशांची पाकिटं तू न्यायची नाहीस. विषय संपला.

मग करायचं काय? आधी सांगायचं. खर्च किती, पॅकेजमध्ये काय धरलेलं नाही, कोणती योजना लागू होते, हे पेशंट दाखल व्हायच्या आधी सांग. डिस्चार्जच्या दिवशी सांगून काय उपयोग?

मी नोकरीला होते त्या रुग्णालयात एका बाईंनी मंगळसूत्र गहाण टाकून नवऱ्याचं ऑपरेशन केलं. बिल भरताना पिशवीतून कागद काढले, त्यांत केशरी रेशनकार्ड होतं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. केशरी कार्डावर सरकारच्या महात्मा फुले योजनेतून मोफत उपचार मिळतात, पण मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यावी लागते. नंतर हातात काही राहत नाही. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची मदत करायला रुग्णालयात बसणाऱ्या माणसाचं, टेबल तिथून वीस पावलांवर होतं. ती खंत माझी गेलेली नाही.

आणि तुमचं तर ट्रस्टचं रुग्णालय! १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही धर्मादाय रुग्णालयाची कायद्यानं आलेली जबाबदारी आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आमच्या रुग्णालयातला या सवलतींचा फलक जिन्याखाली स्ट्रेचरच्या मागं असायचा. मी तो अ‍ॅडमिशन काउंटरवर लावून घेतला. काही दिवसांत परत जिन्याखाली. मी पुन्हा वर आणला. एका विश्वस्तांनी बोलावून विचारलं, “बाई, पगार कुणाचा घेता?” म्हटलं, रुग्णालयाचाच, आणि बिलावरून काउंटरवर रोज जी भांडणं होतात, त्यांत नावही रुग्णालयाचंच जातं. माझी बढती अडली, हट्टी म्हणून नाव पडलं. पडू दे. ज्यांना आधी सांगितलं, ते पुढं आपल्या भावकीला घेऊन आमच्याकडेच आले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं फुकटे वाढतील ही भीती मला कुणी घालायची नाही.

नोकरी सोडू का, हे आत्ताच विचारू नकोस. आधी सांगायला सुरुवात तर कर! अडवतील तेव्हा बघू.

पुढच्या आठवड्यातल्या गुडघ्याच्या शिबिराचं पत्रक छापायला टाकण्याआधी मला पाठव. ‘मोफत’ एवढाच शब्द ठळक चालणार नाही. एक्स-रेचे किती, ऑपरेशनचा अंदाज किती, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवं. २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटला केंद्रानं कमाल किंमत ठरवून दिली आहे, तीही लिही. साहेब खोडतील, तर खोडलेली प्रतही पाठव.

तुझी मावशी