मानेत मज्जारज्जूवर दाब आहे, पण मान दुखत नाही; आजार गंभीर समजावा का?

आपल्या वडिलांच्या एमआरआय अहवालात मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जूवर दाब असल्याचे लिहिले आहे आणि मान फारशी दुखत नसल्यामुळे शस्त्रक्रिया टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या आईला हाच आजार, म्हणजे सर्व्हायकल मायलोपथी, झाला होता. त्या अनुभवावरून कळकळीने सांगते की, दुखण्यावरून त्याचे गांभीर्य ठरवू नका.

वयोमानाने मणक्यांमधील गाद्या झिजतात, हाड वाढते, अस्थिबंध जाड होतात आणि मज्जारज्जूची वाट अरुंद होते. नुसती शीर दबली तर हातात कळ येते. मज्जारज्जू दबला तर पुष्कळदा वेदनेआधी हातापायांवरचा ताबा जातो, तोही इतका हळूहळू, की घरच्यांना ते वय झाल्याचेच लक्षण वाटते. आईला ब्लाउजचे हुक लावता येईनात, साडीच्या निऱ्या बोटांतून सुटू लागल्या, चालताना चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि तिला ते कळायचेही नाही. बोटांना मुंग्या येत असल्यामुळे आधी मनगटातील शीर दबल्याचे निदान झाले आणि त्यात आठ महिने गेले, याची हळहळ मला अजून वाटते.

वडिलांना 10 सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण उघडून मिटता येईल तितकी मिटायला सांगा. साधारणपणे 20 वेळा तरी जमते. संख्या बरीच कमी भरली, चालताना तोल जात असेल किंवा लघवी रोखणे कठीण होत असेल, तर दिवस न घालवता मणक्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवा.

लक्षणे सौम्य आणि स्थिर असतील तर नियमित तपासणी व फिजिओथेरपी यांवर थांबता येते. ती मध्यम, तीव्र किंवा वाढती असतील तर शस्त्रक्रियाच सुचवली जाते, कारण गोळ्यांनी किंवा गळपट्ट्याने दाब हटत नाही. मालिशवाल्याकडून मान मोडून घेणे तर पूर्ण टाळा. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू आजार पुढे सरकू न देणे हा असतो. गमावलेले किती परत मिळेल, हे दाब किती काळ आणि किती होता यावर बरेचसे अवलंबून असते.

आई आता निऱ्या स्वतः घालते, परंतु अंधारात चालताना तिला अजूनही भिंतीचा आधार लागतो.