खानापूरहून बेळगावला रोज ये-जा आहे. दीर्घकाळात इलेक्ट्रिक कार परवडेल की पेट्रोल?

रोजची ये-जा असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर इलेक्ट्रिकच घ्या.

हिशेब असा. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण 1300. पेट्रोल 103 रुपयांच्या आसपास आणि अॅव्हरेज 15 धरलं, तर किलोमीटरला जवळपास 7 रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर जाते. घरची वीज 7 रुपये धरली तरी खर्च सव्वा रुपयाच्या आतच. महिन्याला साडेसात हजार वाचले. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत 4 लाखांचा फरक असेल, तर तो साडेचार वर्षांत भरून निघतो. ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, ती बचत वेगळीच. इन्शुरन्स मात्र थोडा जास्त बसतो.

आपल्याकडचे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे गृहज्योती, कर्नाटक सरकारची 200 युनिटपर्यंत घरची वीज मोफत देणारी योजना. गाडीच महिन्याला 200 युनिट खाईल. एकूण वापर 200 च्या वर गेला की सवलत जाते आणि पूर्ण बिल भरावं लागतं. आज शून्य बिल येत असेल तर ते पैसेही खर्चात धरा.

बॅटरीची भीती बरेच जण घालतात. बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. तुमच्या वापराला ती पूर्ण 8 वर्षं पुरेल.

गाडी फक्त रविवारी आणि लग्नकार्याला निघणार असेल, तर पेट्रोलच बरी. बाहेरच्या फास्ट चार्जरवरच अवलंबून राहणार असाल तरी बचत बरीच घटते, तिथं युनिट घरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग पडतं.