मॉरिशसचं जंगल: कुऱ्हाडीला कायदा, पेरूला काय?

प्रश्न (पुणे): मॉरिशसला हॉटेलच्या रखवालदाराने समुद्रकाठावरून हुसकावलं. किनारा हॉटेलच्या मालकीचा असतो का?

नाही. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची. त्यामागचा पट्टाही मुळात सरकारी. फ्रेंच अमलापासून त्याला ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात: पन्नास पावलं, म्हणजे आजचे ८१.२१ मीटर. तो विकता येत नाही, भाडेपट्ट्याने मात्र देतात. ओल्या वाळूवर खुशाल चाला, हॉटेलच्या खुर्चीत बसू नका.

प्रश्न (कास्काव्हेल, मॉरिशस): आमच्या उसाला लागून ओहोळ आहे. काठावरची आमचीच झाडं तोडली तर?

जमीन तुमची, झाडंही तुमची, पण कुऱ्हाड वनखात्याला विचारून. १९८३चा वन कायदा नदीकाठी १६, लहान नदीकाठी ८ आणि ओहोळाकाठी ३ मीटर पट्टा राखून ठेवतो, मालक कुणीही असो. तुमचं पाणी कोणत्या वर्गात बसतं, ते आधी विचारून घ्या. हा धाक जुनाच आहे. १७६९ साली बेटाचे फ्रेंच प्रशासक प्येर प्वाव्र यांच्या कारभारात चौथा हिस्सा जमीन जंगलाखाली ठेवायचा हुकूम निघाला होता. झाडं गेली की पाऊसही जातो, असा त्यांचा समज.

प्रश्न (ठाणे): ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमध्ये कामगार फळांनी लगडलेली झाडं उपटत होते. राष्ट्रीय उद्यानात हे कसं?

तो चिनी पेरू. लालचुटूक, आंबटगोड, तिथले लोक मीठ-मिरची लावून खातात. नाव चिनी, गाव ब्राझील! त्याची जाळी इतकी दाट माजते, की खाली एबनीचं, म्हणजे काळ्या लाकडाच्या देशी झाडाचं, रोप डोकं वर काढत नाही. बिया पसरवायला माकडं आणि रानडुकरं आहेतच, तीही बाहेरूनच आणलेली. १९९४ साली उद्यान जाहीर झालं, साडेसहा हजार हेक्टरांवर. पण चांगलं देशी जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. म्हणून काही तुकडे कुंपण घालून हातांनी निंदावे लागतात. लाकूडतोड्यावर खटला भरता येतो. पेरूला नोटीस कुठे चिकटवणार? माझ्या मते खरा खर्च या निंदणीवर व्हायला हवा, नव्या हद्दीच्या खांबांवर नव्हे.

प्रश्न (नागपूर): वटवाघळं मारायला सरकारच परवानगी देतं, हे खरं?

खरं. २०१५च्या जैवविविधता कायद्यातच ती वाट ठेवली, आणि त्याच वर्षी हजारो मारली. कारण ती बागांतली लिची आणि आंबा खातात. २०१८ साली ही जात धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली. डोडो आणि राक्षसी कासवं गेल्यावर देशी झाडांच्या मोठ्या बिया नेणारं आता हेच उरलंय. बागेतलं झाड छाटून बुटकं ठेवलं की त्यावर फळं वाचवणारी जाळी बसते. परसातल्या उंच लिचीला मात्र शिडी धरायला दुसरा माणूस लागतो.