इंग्रजीत क्रियापदानंतर ‘टू’ कधी लावायचं आणि ‘आयएनजी’ कधी?

सगळ्या क्रियापदांना लागू पडेल असा एकच नियम नाही. तरी एक ढोबळ खूण कामाला येते. पुढचं काम अजून व्हायचं असेल, म्हणजे इच्छा, ठराव किंवा वचन असेल, तर बहुधा ‘टू’ येतो: वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड यांच्यानंतर मात्र ‘आयएनजी’च. आपण ‘मला पोहायला आवडतं’ म्हणतो, म्हणून ‘आय एन्जॉय टू स्विम’ सहज तोंडात येतं. तिथे ‘आय एन्जॉय स्विमिंग’ हवं. लाइकला दोन्ही चालतात.

नीट लक्ष द्यायला हवं ते रिमेंबर आणि स्टॉपकडे, कारण तिथे अर्थच बदलतो. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं आणि लावलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने सिगारेट सोडली. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला!

याद्या पाठ करत बसू नका. नवं क्रियापद वहीत अख्ख्या वाक्यासकट उतरवा, जोडी आपोआप डोक्यात बसते.

आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहीत असाल तर आजच बदला: ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. हा ‘टू’ वेगळा आहे. त्याच्यापुढे नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ बरोबर वाटतं ना? मग तिथे क्रियापदाला ‘आयएनजी’ लागणारच.