भिंतीवर चिकटलेल्या राखाडी पिशव्यांमधून अळी डोकावते. हा कसला किडा आहे, चावतो का आणि घालवायचा कसा?

चावत नाही. लहान मुलं घरात असली तरी घाबरू नका.

सिमेंटच्या रंगाची, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी पिशवी आणि फटीतून बाहेर येणारं तपकिरी डोकं असेल, तर ती फेरेओइका नावाच्या छोट्या पतंगाची अळी. उष्ण, दमट हवेच्या कितीतरी देशांत ती घराघरांत सापडते. तिचं कूळ टिनेइडी. या कुळातल्या बहुतेक अळ्या हिरव्या पानाला तोंड लावत नाहीत. बुरशी, कुजकं लाकूड, केस, पिसं यांवर जगतात. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसरही याच कुळातली.

काढून टाकण्याआधी एकदा टॉर्च लावून तिच्याकडे बघाच. पिशवी तिने स्वतः विणलेली असते: आतून रेशीम, बाहेरून वाळू, माती, धाग्यांचे तुकडे. दोन्ही टोकांना फट असते आणि अळी आतल्या आत वळून हव्या त्या टोकाने बाहेर येते. चालताना फक्त पुढचे पाय बाहेर काढते आणि अख्खं घर मागे ओढत नेते. पूर्ण वाढलेली पिशवी 8 ते 14 मिलिमीटर भरते. पुढे ती भिंतीला पिशवी चिकटवून आतच कोषात जाते. टोकाशी कोषाची पातळ साल अडकलेली दिसली, तर पतंग उडून गेलाय, पिशवी रिकामी आहे असं समजा.

आता घालवायचं कसं? फवाऱ्यावर पैसे घालवू नका, पिशवीमुळे अळी बऱ्यापैकी वाचते. तिचं मुख्य खाणं म्हणजे जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे आणि गळलेले केस. त्यामुळे पलंगाखालची, कपाटामागची, छताच्या कोपऱ्यातली जळमटं नेमाने काढणं हाच खरा उपाय. नुसत्या झाडूने खाली पाडलेली अळी परत भिंत चढते. पिशव्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. ओल तिला मानवते, म्हणून कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जास्त दिसते. बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, गळती असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. सुती कपड्यांची काळजी नको. स्वेटर, शाली मात्र धुऊन, कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.