गुडघा बरा झाला असं कळवून टाका

रामबाग, इंदूरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५७. ओल्ड जीडीसी या मुलींच्या कॉलेजातल्या पाच मैत्रिणींचं जानेवारीत अंदमानला जायचं ठरतंय. बंगळूरच्या मैत्रिणीने तिथल्या हॅवलॉक बेटावरचं समुद्राला लागून असलेलं रिसॉर्ट पसंत केलं आणि खर्च गेला माणशी ८० हजारांवर. ताईंच्या हाताशी आहेत ४५. त्यांनी जरा कुरकुर केली तर मैत्रिणीने ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "तुझं वरचं मी बघते गं, तू फक्त बॅग भर." ताईंना ते लागलं. त्यांनी गुडघेदुखीचं निमित्त पुढे केलं, तर बाकीच्या तिघींनी तीन तेलं आणि एक डॉक्टर सुचवला. ताई विचारतात, मैत्री न तुटता नाही कसं म्हणू?

ताई, नाही म्हणायचं कसं हे मी सांगणार नाही, कारण तुम्हाला जायचंय. हॅवलॉकच्या राधानगर बीचचा फोटो मोबाइलवर लावलाय, असं तुम्हीच लिहिलंय. मिस्टर "जा" म्हणतात, मुलगा तिकीट काढून द्यायला तयार आहे. अडलंय ते फक्त त्या एका वाक्यापाशी.

वाक्य वाईट हेतूने लिहिलेलं नाही, पण लिहायची ती जागा नव्हती. हेच तिने फोनवर म्हटलं असतं तर तुम्ही हसून "चल गं" म्हणाला असता. चार जणींसमोर आलं आणि तुम्ही एकदम गरीब मैत्रीण झालात. राग येणारच. मात्र पत्रात जाता जाता तुम्ही लिहिलंय की बीएच्या शेवटच्या वर्षी तिची परीक्षेची फी तुम्ही भरली होती. ती गोष्ट इथे आणू नका, मनातल्या मनातसुद्धा. तिची फी आणि तुमचं रिसॉर्ट अशी वजाबाकी सुरू झाली की सहा दिवस तुम्ही समुद्राऐवजी तिच्या पर्सकडे बघत बसाल.

पैसे घेऊ नका, असंच माझं मत. अभिमानाचा प्रश्न नाही. ३५ हजारांच्या ओझ्याखाली माणूस "मला आज बोटीत नाही बसायचं" एवढंही मोकळेपणी म्हणू शकत नाही. ज्याचे पैसे, त्याचा कार्यक्रम, असं आपोआप होतं. एखाद्या संध्याकाळी तिने सगळ्यांना मासे खाऊ घातले तर मात्र ताव मारा.

त्यापेक्षा आकडा सांगा. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, काही फक्त श्रीमंतांचं बेट नाही. राधानगर बीच सगळ्यांसाठी खुला आहे. महाग आहेत त्याला लागूनची रिसॉर्टं. बेटाच्या पूर्वेला गोविंदनगर आणि विजयनगर आहे (हो, तिथेही विजयनगर, आपल्या इंदूरच्यापेक्षा पुष्कळ शांत), तिकडे साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. तिथून राधानगर दहा-बारा किलोमीटर. पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक उघडे पडतात, म्हणून डुंबायचं ते राधानगरलाच. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो; इंदूरच्या सवयीने चहा पिऊन निवांत निघालात तर अंधारच बघाल. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) सरकारी बोट खाजगी बोटीपेक्षा बरीच स्वस्त पडते, तिकिटं मात्र लवकर संपतात. विमानभाडं फारसं कमी होणार नाही. वाचेल ते राहण्यात आणि बोटीत.

स्विमसूटच्या लिंका येताहेत आणि घाम फुटतोय, असंही लिहिलंय. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा टॉप घाला, कोणी वळूनही बघणार नाही. सुती सलवार-कुर्ता घालून मात्र पाण्यात जाऊ नका, भिजला की जड होऊन पायात येतो. स्कूबाची हौस असेल तर पहिल्या डाइव्हला पोहता यावंच लागतं असं नाही, प्रशिक्षक धरून नेतो. पण आधी फॉर्म भरावा लागतो आणि तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. ते तिथे खरं लिहा, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाही विचारा. डाइव्ह केलीत तर परतीचं विमान त्याच दिवशीचं नको, मध्ये एक दिवस जाऊ द्या.

आता ग्रुपवर टाकायचा मेसेज. असाच टाका, फार घोळवू नका: "गुडघा ठीक आहे गं, उगाच म्हटलं होतं. माझं बजेट ४५ आहे आणि मला माझ्याच पैशांनी यायचंय. विजयनगरला खोल्या बघूया का? कोणाला रिसॉर्टच हवं असेल तर तिने तिथे राहावं, दिवसभर आपण एकत्रच असू."

माझा अंदाज, ८० हजार ऐकून आणखी एकीच्या तरी पोटात गोळा आला असणार. तीही गप्प आहे. म्हणून मेसेज दुपारी टाका. बंगळूरवाली ऑफिसातून सुटेपर्यंत बाकीच्या तिघींना बोलायला वेळ मिळेल.