लॉकडाऊनमध्ये दमा बरा झाला होता का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या मुलाला लहानपणापासून दमा असून, पावसाळ्याच्या तोंडावर आणि थंडी सुरू होताना त्याला हमखास मोठी धाप लागत असे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि त्याचा त्रास जवळजवळ थांबला. फक्त एकदा, सोसायटीच्या जिन्यात आणि लिफ्टमध्ये हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारले त्या रात्री, तो पहाटेपर्यंत खोकत उशाला टेकून बसला होता. पुढे तो बरा झाला असे समजून आम्ही रोजचा पंप (इनहेलर) बंद केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीचे वर्ग पुन्हा भरू लागले आणि महिन्याभरात त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. आता पंप नियमित चालू आहे. पण सासूबाई म्हणतात, ‘तेव्हा पोरगं औषधाशिवाय चांगलं होतं, मग आता हे कशाला?’ त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे नाही, हे त्यांना आधी सांगा. त्या काळात अनेक देशांत दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या घटली होती. मुलांमध्ये दमा उसळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे साधी सर्दी, विशेषतः ऱ्हायनोव्हायरसची. शाळा बंद, तोंडावर मास्क आणि गर्दी नाही, म्हणून ती सर्दीच मुलांपर्यंत कमी पोहोचली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची वाहनेही ओसरल्यामुळे धुराचा त्रास कमी झाला. सगळ्यांच्याच वाट्याला हे सुख आले नाही; ओल आलेल्या भिंती, उदबत्तीचा धूर किंवा घरातच विडी-सिगारेट ओढणारे माणूस अशा बंद खोल्यांत काहींचा दमा उलट वाढला.

तुमच्या मुलाचा दमा मात्र गेला नव्हता, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. हायपोक्लोराइटच्या उग्र वाफेने इतरांचे फार तर नाक चुरचुरले असेल. त्याच्या श्वासनलिका मात्र आकसल्या, कारण त्या मुळातच संवेदनशील होत्या. रोजच्या पंपातले श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइड ही आतली सूज दाबून ठेवते. ते बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही, सूज हळूहळू वाढत राहते आणि मग शाळेतली पहिली सर्दी पुरते. महासाथीच्या काळात स्टिरॉइडच्या भीतीने अनेकांनी पंप सोडले, याचे मला आजही वाईट वाटते. कारण ‘जिना’ ही दम्याविषयी मार्गदर्शन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था तेव्हाही पंप चालूच ठेवा, असे स्पष्टपणे सांगत होती.

त्याच संस्थेने तेव्हा, तुषारांतून संसर्ग पसरू नये म्हणून, शक्यतो नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून देणारे यंत्र) टाळून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घेण्याचा सल्ला दिला होता. ती सवय आताही मोडू नका. बहुतेक मुलांना अटॅकमध्येही स्पेसरने नेब्युलायझरइतकाच आराम मिळतो. पंप नीट हलवावा, एका वेळी एकच फवारा स्पेसरमध्ये सोडावा आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरावी.

दमा सलग दोन-तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिला, तर डॉक्टर मात्रा कमी करण्याचा विचार करू शकतात. तो निर्णय घरी घेऊ नये. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. धाप लागल्यावर मुलाला एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा तातडीच्या पंपाने आराम पडेना, तर पंप देत-देतच त्याला रुग्णालयात न्यावे, हेही तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले बरे, कारण दुपारी घरी मुलाजवळ बहुधा त्याच असतात.